वाचता यायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका

ताई, तुमचा एक प्रश्न दिसतोय पण त्यात चार प्रश्न आहेत, त्यामुळं उत्तर लांबणार, चहा घेऊनच बसा. मी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर बरीच वर्षं काढलीत आणि रिटायर झाल्यापासून कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच शनिवारी गल्लीतली पोरं गोळा करून त्यांना वाचून दाखवते, त्यामुळं जे सांगते ते जास्त करून तिथलंच.

तुम्ही लिहिलंय ते असं: मुलगा दुसरीला, इंग्लिश मिडीयम, आता अडखळत का होईना स्वतः वाचतोय, धाकटी दोन वर्षांची. रोज रात्री तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवायचा, पण सासूबाई म्हणतात आता बंद कर, आयतं ऐकायची सवय लागली की स्वतः पुस्तकाला हात लावणार नाही. शिवाय तो पाच मिनिटं एका जागी बसत नाही, मराठी वाचावं की इंग्लिश ते कळत नाही, आणि मिस्टर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये, म्हणजे सगळं तुमच्यावरच.

बंद करू नका. उलट दुसरी ते चौथी हाच टाइम असा आहे की ज्यात वाचून दाखवायची गरज सगळ्यात जास्त असते आणि नेमकं याच टायमाला बहुतेक घरांत ते बंद पडतं.

का ते सांगते. दुसरीचं पोरगं वाचतं म्हणजे नेमकं काय करतं ते एकदा शेजारी बसून बघा. समजा वाक्य आहे "वाऱ्यानं छत्री उलटी झाली तशी सगळी पोरं खिदळायला लागली." पोरगं सुरुवातीलाच "वा..." म्हणून थांबतं, कारण पुढं तो ऱ्या आहे, तो नीट ओळखीचा नाही. मग कसंतरी "वार्यानं" म्हणतं, तुमच्या तोंडाकडं बघतं, बरोबर का म्हणून. मग छत्री, तो त्र परत एक अडथळा. मग खि-द-ळा-य-ला, एकेक अक्षर वेचत वेचत. पूर्णविरामापर्यंत पोचतं तेव्हा दमलेलं असतं आणि छत्री कुणाची, उलटी कशानं झाली हे मागंच राहिलेलं असतं. त्याला विचारा "पोरं का हसली रे?", गप्प. तेच वाक्य तुम्ही वाचून दाखवा, ते तुमच्याआधी हसेल. म्हणजे डोकं तयार आहे, कान तयार आहेत, डोळ्यांना अजून वेळ पाहिजे. आपल्या लिपीत काना-मात्रा, जोडाक्षरं, रफार हे सगळं हातात बसायला तिसरी-चौथी उजाडते. तोपर्यंत त्याला फक्त स्वतः वाचता येईल तेवढंच मिळालं तर दोन-तीन वर्षं त्याच्या वाट्याला "हा आंबा आहे, आंबा गोड आहे" एवढंच येणार. सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात किती काय चाललेलं असतं, आणि त्याला आपण आंबा गोड आहे वाचायला लावतो, मग वाचन म्हणजे कंटाळा असं त्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

1986 साली गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी एक साधा हिशोब मांडला होता, तो मला फार पटतो. वाचून समजणं म्हणजे गुणाकार: अक्षरं ओळखून शब्द वाचता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. शाळा काय करते, पहिल्या आकड्यामागं लागते. अक्षरं, स्पेलिंग, शुद्धलेखन, डिक्टेशन. दुसरा आकडा वाढवायला शाळेकडं टाइमच नाही, पन्नास-साठ पोरं समोर असली की बाईंना तरी कुठं जमतंय. तो आकडा घरात वाढतो, आणि घरात वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे हेच, मोठ्यानं वाचून दाखवणं.

आता कुणी म्हणेल आम्ही पोराशी दिवसभर बोलतोच की. बोलतो, पण काय बोलतो? आवर लवकर, डबा घेतलास का, चप्पल कुठं टाकलीस, दूध संपव, मोबाईल ठेव आधी, बघ हं आता बाबांना सांगीन. मी पण हेच बोलत होते, सगळ्याच घरात हेच चालतं. हेस आणि आरेन्स यांनी 1988 साली इंग्लिशमध्ये मोजून बघितलेलं की शिकली-सवरली मोठी माणसं एकमेकांशी गप्पा मारतात त्यात हजार शब्दांमागं साधारण 17 शब्द जरा अवघड, कमी वापरातले असतात, आणि लहान मुलांच्या पुस्तकांत साधारण 31. म्हणजे पोरांचं पुस्तक हे ग्रॅज्युएट लोकांच्या गप्पांपेक्षा भारी. आकडे इंग्लिशचे आहेत, पण मराठीत पण फरक कानाला जाणवतो. हेवा, पश्चात्ताप, दवबिंदू, कडेलोट, संकोच, हे शब्द तुमच्या स्वयंपाकघरात आठवड्यात किती वेळा येतात? पुस्तकात दहा पानांत येऊन जातात.

आणि आपल्या कोल्हापूरकरांसाठी यात अजून एक गोष्ट आहे, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपली पोरं घरात जे बोलतात ते पुस्तकातलं मराठी नसतं. आमच्याकडं पोरी सुद्धा "मी जातो", "मी आलो" म्हणतात, "काय करालाईस" म्हणतात, त्यात काहीच वाईट नाही, आपली भाषा आहे ती. पण शाळेत गेल्यावर पुस्तक वेगळंच बोलतं, आणि बऱ्याच वेळा शिकवणारे तिथंच पोराला टोकतात, असं नाही म्हणायचं, नीट बोल. दोन-चारदा टोकलं की पोर तोंडच उघडत नाही. मी वर्गात बघितलंय, ग्राउंडवर अख्खी मॅच एकटी गाजवणारी पोरगी वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की जमिनीकडं बघत उभी. अशा पोरांना वाचून दाखवलं की पुस्तकातली भाषा कानावरून आत जाते, कुणी चूक म्हणायला येत नाही, आणि घरची भाषा पण शाबूत राहते. पोर आपोआप दोन्ही बोलायला लागतं, कुठं कुठली ते त्याचं त्याला कळतं. मी तर वाचताना मधले संवाद सरळ आपल्यात वाचते. गोष्टीतला शेतकरी "कुठं चाललाईस गा?" असंच विचारतो, आणि बाकीचं वर्णन पुस्तकात आहे तसं. पोरं खूश.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हं. त्याचं स्वतःचं वाचन झालंच पाहिजे, ते वेगळं दहा मिनिटं, सोप्या पुस्तकाचं, त्याला येतंय त्यापेक्षा थोडं खालच्या लेव्हलचं. आणि तुमचं वाचून दाखवणं वेगळं, त्याला येतंय त्याच्या दोन पावलं पुढचं. एकानं दुसरं बंद पडत नाही. आयतं ऐकून पोरं आळशी झाली असं मी एका पण पोराचं बघितलेलं नाही, उलट गोष्ट अर्धी ठेवून मी उठले की तेच पोरगं पुस्तक ओढून पुढं काय झालं ते अडखळत अडखळत शोधत बसतं. आणि सासूबाईंना विरोधी पार्टीत टाकू नका, त्यांना कामाला लावा. त्या मेथी निवडत बसल्या की त्याला म्हणायचं आजीला तुझं पुस्तक वाचून दाखव. आजी चुका काढत नाही, मध्येच "बरं, मग?" म्हणते, याच्यापेक्षा चांगला श्रोता कुठला मिळणार. त्यांना वाचायचा कंटाळा असला तर जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या, सासनकाठ्यांच्या, त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगू देत. तोंडी गोष्ट पण लागतेच, फक्त तिची जागा पुस्तकाला घेता येत नाही आणि पुस्तकाची तिला, कारण सांगतानाची वाक्यं छोटी आणि तुटक असतात, पुस्तकातली लांब आणि बांधलेली.

पाच मिनिटं बसत नाही म्हणता, तर बसायला कशाला पाहिजे? गोष्ट कानानं ऐकायची आहे. माझ्याकडं शनिवारी एक पोरगा येतो, तो येतो आणि सरळ दिवाणाखाली जातो, आम्हाला त्याचे फक्त पाय दिसतात, ते पण हलत असतात. पहिल्यांदा त्याची आई म्हणाली बाई याला बाहेर काढा, मी म्हटलं राहू दे. एकदा चोरीची गोष्ट चाललेली, बंद वाड्यात कुणीतरी शिरलंय, पेटी उघडलीय, बाकीची पोरं माझ्यासमोर मांडी घालून एकदम शिस्तीत बसलेली, आणि दिवाणाखालून आवाज आला, "पण किल्ली तर मामाकडं होती न्हवं?" तीन पानं आधी एका ओळीत किल्ली मामानं खिशात टाकलेली. समोर बसलेल्यांपैकी एकाच्या पण ध्यानात नव्हतं. त्यामुळं हात-पाय चाललेले असू देत, रंगवू दे, ब्लॉक्स लावू दे, फक्त स्क्रीन नको, ती सोडून सगळं चालतं. आणि तो मोबाईल आधी तुमचा बाजूच्या खोलीत गेला पाहिजे, मध्येच टुंग वाजलं आणि तुम्ही बघितलं की पोर गेलंच समजा.

वेळ दहा मिनिटं पुरे, पण रोज आणि ठरलेली. जेवणानंतर, झोपायच्या आधी, जे काय जमेल ते. एक चॅप्टर संपवायचाच असा हट्ट नको, चांगलं रंगात आलेलं असताना थांबायचं, दुसऱ्या दिवशी तोच तुम्हाला बोलवायला येईल.

कसं वाचायचं यावर मात्र जरा थांबते, कारण खरी गंमत इथंच बिघडते. बहुतेक लोक फार फास्ट वाचतात, बातम्या दिल्यासारखं. तुम्हाला मुद्दाम हळू वाटेल इतक्या स्पीडनं वाचा, पोराला डोक्यात चित्र तयार करायला वेळ लागतो. अवघड शब्द आला तर सोपा करून वाचू नका, शब्द आहे तसाच म्हणा, लगेच एक सोपा शब्द जोडा आणि पुढं चला, "संकोचला, म्हणजे लाजला जरा". तिथं थांबून मराठीचा तास घेऊ नका. शब्द पहिल्यांदा ऐकून निम्मा कळतो, चार ठिकाणी भेटला की पक्का होतो.

आणि शेवटी "तर या गोष्टीचं तात्पर्य काय?" हे विचारणं बंद म्हणजे बंद. हे आम्ही शाळावाल्यांनी लावलेलं वेड आहे. पोरांना कळलंय की गोष्टीच्या शेवटी परीक्षा असते, मग ती गोष्ट ऐकत नाहीत, उत्तर शोधत बसतात. खोटं बोलू नये, एकीचं बळ, काय पण गोष्ट असू दे उत्तर या दोनतलंच एक. विचारायचंच असलं तर मध्येच विचारा आणि असं विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला पण माहीत नाही. आता ही काय करेल वाटतंय तुला? तू असतास तर उघडलं असतंस दार? याला का एवढा राग आला असेल? व्हाइटहर्स्ट नावाच्या माणसानं 1988 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईबापांना एवढंच शिकवलं होतं, की वाचताना पोराला बोलतं करा, त्यानं एक शब्द म्हटला की तुम्ही त्यात दोन घालून परत म्हणा. पोरगं म्हणालं "भूभू", तुम्ही म्हणायचं "हो, मोठा काळा भूभू". महिनाभरात ती मुलं बोलण्याच्या टेस्टमध्ये बाकीच्यांपेक्षा काही महिन्यांनी पुढं गेलेली दिसली, आणि बाकीच्यांना पण घरी वाचून दाखवतच होते बरं का, फक्त साधं वाचून.

हे तुमच्या धाकटीला अगदी लागू. दोन वर्षांची म्हणजे तिला पण आत्ताच घ्या मांडीवर, अजून कळत नाही म्हणून थांबू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 साली डॉक्टरांना सांगितलंय की जन्मल्यापासूनच वाचून दाखवा असं आईबापांना सांगा. ती पानं उलटी लावेल, कोपरा चावेल, तेच पुस्तक परत आण म्हणून भोकाड पसरेल. आणा. रोज तेच ते वाचून तुम्ही कंटाळाल पण तिचा त्यातच फायदा आहे. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांवर बघितलं, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा त्याच गोष्टी परत परत ऐकणाऱ्यांना नवीन शब्द जास्त लक्षात राहिले, शब्द दोन्हीकडं तेवढ्याच वेळा आलेले असून. दोघांना एकदम कसं वाचायचं हा पुढचा प्रश्न येणारच, तर आधी धाकटीचं छोटं पुस्तक, ते थोरल्याला वाचायला लावा, त्याला तेवढं येतंच आणि दादा म्हणून मान पण मिळतो, मग ती पेंगली की त्याची मोठी गोष्ट.

भाषेचं सोपं आहे. तुम्हाला जी भाषा वाचताना जीभ अडखळत नाही ती. म्हणजे तुमच्या घरात मराठी. इंग्लिश मिडीयमला घातलं म्हणून घरी पण इंग्लिशच, हे कुणी डोक्यात भरवलंय कुणास ठाऊक. पोराला राग, मत्सर, पश्चात्ताप म्हणजे काय हे एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत त्याला फक्त नवीन नाव शिकायचं राहतं. आणि मराठी वाचलं नाही तर ही पोरं पुढं "एकोणऐंशी म्हणजे किती" विचारत फिरतात, ते चित्र आपण रोजच बघतोय. इंग्लिश चित्रांची पुस्तकं पण वाचा की, उच्चाराचं टेन्शन घेऊ नका, शाळेत ऐकतोय तो. फक्त एक करू नका, एक ओळ इंग्लिश आणि लगेच तिचं मराठी, परत एक ओळ इंग्लिश. त्यात पोरगं इंग्लिश ऐकायचं सोडतं आणि मराठीची वाट बघत बसतं, गोष्टीची लय गेली ती वेगळीच. त्यापेक्षा आधी मराठीत गोष्ट थोडक्यात सांगा, मग पुस्तक सलग वाचा.

पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असं काही नाही. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 सालचं, इतकी जुनी लायब्ररी गावात असून निम्म्या लोकांनी आतून बघितलेली नसते. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, दुसरी-तिसरीच्या पोरांना वाचून दाखवायला एक नंबर. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी लेव्हलप्रमाणं लावलेल्या आहेत, त्या पण मोफत, पण मोबाईलवरून वाचण्यापेक्षा प्रिंट काढून आणा, मोबाईल हातात आला की पोरगं गोष्टीऐवजी गेम मागतंय. यूट्यूबवरच्या ऐकायच्या गोष्टी प्रवासात वगैरे ठीक, पण त्या पोराला "किल्ली कुणाकडं होती" याचं उत्तर देत नाहीत, थांबत पण नाहीत.

आणि वाचायला गोष्टच पाहिजे असं पण नाही. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी वाचत असतं, सकाळी उठलं की आधी तेच. तर ते मोठ्यानं वाचा, पोराला शेजारी घ्या. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आज किती, काल किती होतं, मग धोक्याला किती राहिलं? बंधारा म्हणजे काय, विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी ते काय, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की इथं पाणी का वाढतं, एवढं सगळं एका बातमीत. मी दुसरीच्या वर्गात हे करायची तेव्हा पोरं घरी जाऊन बापाला विसर्ग समजावून सांगायची.

मिस्टरांसाठी पण हाच मार्ग सुचवते. ते शिफ्टवरून दमून येणार, त्यांना चिऊताईची गोष्ट वाचा म्हटलं तर लाजतील, आणि जमलं नाही की परत हात लावणार नाहीत. त्यांना फुटबॉलचं पान द्या. आपल्याकडं सीझन चालू झाला की पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमच्या मॅचची बातमी घराघरात निघतेच, ती मनातल्या मनात वाचतात ती पोराला मोठ्यानं वाचून दाखवायची, बस. कुणी पास दिला, कुणी वाया घालवला, पंचांनी काय केलं. त्यात "आघाडी", "बचावफळी", "निर्णायक", "अनिर्णित" असले शब्द भरलेले असतात, शाहू स्टेडियमला जाऊन आलेल्या पोराला त्यातला प्रत्येक शब्द डोळ्यासमोर दिसतो. बाप वाचतोय हे पोरानं बघणं, त्यातही पोरग्यानं बघणं, फार गरजेचं आहे, नाहीतर वाचन हे आईचं आणि बाईंचं काम असं त्याच्या डोक्यात बसतं.

किती वर्षांपर्यंत, तर तो स्वतः नको म्हणेपर्यंत. ऐकून समजणं हे वाचून समजण्याच्या पुढं चालतं, आणि हा फरक साधारण आठवीपर्यंत टिकतो असं वाचनावर काम करणारे मानतात. माझ्याकडं सहावीची पोरं येतात, आधी म्हणतात आम्ही लहानग्यांसाठी बसलोय, मग हळूच पुढं सरकतात.

रविवारी त्याला घेऊन लायब्ररीत जा आणि पुस्तक त्यालाच निवडू दे. तो बहुतेक डायनासोरचं सगळ्यात जाड पुस्तक उचलेल जे तुम्हाला पण धड वाचता येणार नाही, ती नावंच तशी असतात. घ्या ते. एक त्याच्या पसंतीचं, एक तुमच्या. त्याचं आधी वाचायचं.